अंदमानातून केलेला फोन
परवा बदलापूरच्या कात्रप भागातल्या दुकानात भाच्यासाठी पोहण्याचा चष्मा घेताना नव्या रबराचा वास आला आणि अंदमान आठवलं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं पहिल्यांदाच एवढ्या लांब फिरायला गेलो होतो. हिरव्या पाण्यातून तळाची प्रवाळं दिसत होती. लाइफ जॅकेट घालूनही मी होडीची कड सोडेना. बायकोने मात्र कमरेची ट्यूब काढून होडीत टाकली आणि हात मारत सरळ लांब निघाली. "भाईसाब, मॅडम तो मछली है!" होडीवाला हसला. मला हसू आलं नाही. पोहता येतं हे हिने कधी सांगितलं का नाही? कोणाबरोबर शिकली? विचारलं तर केस पिळत म्हणाली, "अहो, बाबांनी शिकवलं, बदलापूरला नदीत, पाठीला डबा बांधून. लग्न ठरलं तेव्हा तुमच्या आईच म्हणाल्या, त्याला पाण्याची भीती आहे, तू सांगत बसू नकोस." मला ते पटलं नाही. संध्याकाळी हॉटेलच्या मागे जाऊन मी तिच्या भावाला फोन लावला, सहज विचारतोय असं दाखवून. "भाऊजी, ताई तर पुरातही पलीकडे जायची! बाबाच घाबरायचे." फोन ठेवून वळलो तर ती मागेच उभी होती. दुसऱ्या दिवशी होडी लागली तेव्हा वाळूत बसूनच राहिली. "तुम्ही जा, मी चपला सांभाळते." आता आमच्या सोसायटीत पोहायचा तलाव झालाय. ती त्यात उतरत नाही, आणि शेजारच्या बायका विचारतात तेव्हा मीच पटकन सांगतो, तिला पोहता येत नाही.