तिसरं बटण

मॉन्टेसरीत एक दिवस पालकांनी कोपऱ्यात बसून नुसतं बघायचं असतं. माझी साडेतीन वर्षांची मीरा लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाची बटणं लावत होती. तिसरं बटण काजातून सारखं निसटत होतं. चारदा, पाचदा. माझी बोटं आपोआप हलायला लागली आणि मी उठलेच. वर्गाच्या ताई हळूच म्हणाल्या, "बसा. तिचं काम चाललंय."

सहाव्यांदा बटण लागलं. मीरानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळी बटणं सोडून तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला आनंद व्हायला हवा होता. मग तो का होत नव्हता? घरी रोज मी तिला मदत करत होते, की तिच्या हातातलं काम काढून घेत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी समोरची बटणं न लावलेला फ्रॉक घालून माझ्यापुढे उभी राहिली.

"अगं, तुला लावता येतात की बटणं!"

"येतात," ती म्हणाली, "पण तुला आवडतं ना?"

मी वाकले. तिसऱ्या बटणाशी माझीच बोटं अडखळली. मीरानं हात पुढे केला नाही. नुसती बघत थांबली.