बत्तीगुरू आणि खडूची रेघ

बत्तीगुरू आधी गाडीकडे बघायचे, मग माणसाकडे. गाडी दुकानासमोर थांबली की हातातला चहाचा कुल्हड फळीवर ठेवायचे, पायजमा सावरून बंपरसमोर उकिडवे बसायचे आणि दोन्ही दिव्यांकडे आळीपाळीने टक लावून बघत राहायचे. गाडीचा मालक उतरून नमस्कार म्हणो, घाई आहे म्हणो, नाहीतर तिथल्या तिथे नाचो, यांचं लक्षच नाही. मग गुडघ्यांवर हात टेकून उठायचे आणि विचारायचे, "डावा डोळा केव्हापासून आजारी आहे?" मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, माझीच चौकशी चाललीय. मी आपला डोळा चोळून सांगितलं, "काका, बरा आहे की!"

त्यांचं खरं नाव गजानन जोगळेकर. पण काशीत गुरू कोणालाही म्हणतात, पानवाल्यालाही आणि नावाड्यालाही; त्यात हे मोटारींचे दिवे दुरुस्त करणारे, म्हणून अख्ख्या मैदागिन भागाला ते बत्तीगुरू. आमच्या घरापासून त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून, संकठाघाटाच्या वरच्या अंगाला. घराणं वेदपाठकांचं. चार पिढ्या दुसरा धंदा माहीत नाही, आणि या गृहस्थांनी सोळाव्या वर्षी यात्रेच्या एका बसचा बंद पडलेला दिवा उघडून बघितला तो पुन्हा पोथीकडे वळलेच नाहीत. वडील म्हणाले, "वेद सोडून बल्ब धरलास?" यावर यांचं उत्तर गल्लीत अजून सांगतात. "बाबा, सूर्याला अर्घ्य तुम्ही द्या. तो मावळला की पुढचं मी बघतो."

त्यांची मराठी अर्धी आजीकडून आलेली आणि अर्धी गल्लीतून. "अरे श्रीधर, तू खामखा डरतोस. आधी समज, मग डर," असं एका दमात बोलायचे. आम्ही सगळेच इथले मराठी लोक तसं बोलतो म्हणा. पण त्यांच्या तोंडी ते शोभायचं.

आता माझं सांगतो. मी महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना फिरवतो. सात माणसांची जुनी गाडी आहे. आज काशी, उद्या विंध्याचल, परवा प्रयाग. स्वभाव तापट, जीभ सैल, आणि गाडी मात्र जिवापलीकडची. मागच्या हिवाळ्यात मला एक अवदसा आठवली. दिवे फार मंद वाटायला लागले म्हणून मी मोबाइलवरून झगझगीत पांढरे एलईडी बल्ब मागवले आणि स्वतःच्या हातांनी बसवले. पहिल्या दिवशी गाडी सुरू केली तेव्हा समोरची अख्खी गल्ली दिवसासारखी दिसली. मी इतका खूश, की आईला घरातून बाहेर ओढून आणून दाखवलं. आई म्हणाली, "शोभेची दारू उडवतोयस का?"

चार दिवसांनी प्रयागहून परत येत होतो. मागे सहा यात्रेकरू. हमरस्त्यावर काम चालू होतं म्हणून आतल्या रस्त्याने निघालो. संध्याकाळचे सहा वाजले असतील, पण जानेवारीतलं धुकं. उजेड केव्हाच संपला होता. समोरून एक दूधवाला सायकलवर आला. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. माझा उजेड तोंडावर पडताच त्याने एक हात डोळ्यांवर धरला. एका हाताने त्याला सायकल पेलवली नाही. हँडल वळलं आणि तो कॅनसकट माझ्या गाडीपुढे आडवा झाला. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा चाक आणि त्याचं डोकं यांत एक वीत अंतर होतं.

माणूस वाचला. कोपर खरचटलं, दूध सगळं मातीत गेलं. मला वाटलं, आता हा मला शिव्या घालणार, आणि घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो उठला, धूळ झटकली आणि शांतपणे म्हणाला, "भैया, आपकी बत्ती या तो पेड़ पर है या हमारी आँख में. सड़क पर कब आएगी?"

त्या दिवसापासून सूर्य कलला की माझे हात कापायला लागले. उगाच म्हणत नाही, खरोखर कापायचे. किल्ली भोकात जायची नाही. संध्याकाळच्या फेऱ्या मी नाकारायला लागलो. आता मला सांगा, यात्रेकरूंचा दिवस काय सूर्याबरोबर मावळतो? अंधार पडला की गाडी न चालवणारा ड्रायव्हर कोणाला हवाय? आई म्हणायची, "पाच वाजले की घरात येऊन बसतोस कोंबड्यांसारखा." मी तिच्यावर खेकसायचो. मनात मात्र ठरत आलं होतं, गाडी विकायची आणि हा धंदाच सोडायचा. शेवटी तिनेच मला बत्तीगुरूंकडे ढकललं.

डोळा चोळून झाल्यावर मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "त्याने डोळ्यांवर हात धरला होता का?"

"हो."

"तर मग तुझी बत्ती नापास." आणि मग त्यांचं ते नेहमीचं वाक्य, जे मैदागिनच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होतं: "उजाला सडकेचा आहे, श्रीधर. समोरच्याच्या डोळ्यांत टाकायला तो तुला कुणी दिला?"

त्यांनी माझे पांढरे बल्ब काढून माझ्या हातात दिले. "धुक्यात पांढरा उजाला म्हणजे समोर चादर टांगली," म्हणाले. दिव्यांवरचं प्लॅस्टिक पिवळं पडून धुरकट झालं होतं. ते बारीक पॉलिशपेपरने पाणी घालघालून तासभर घासलं, तेव्हा कुठे आरपार दिसायला लागलं. बारीक वायरी काढून जाड टाकल्या. म्हणाले, "बिचाऱ्या बल्बला पोटभर मिळतच नव्हतं आणि तू त्यालाच बदलायला निघालास." मग जरा पिवळसर उजेडाचे चांगले बल्ब लावले. आणि शेवटी भिंत.

भिंत हा त्यांचा देव होता. दुकानासमोर एका साडीगोदामाची लांबलचक भिंत आहे. तिच्यापासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करायची, दिव्याच्या उंचीवर खडूने आडवी रेघ मारायची, आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चार बोटं खाली येईपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवत राहायचा. आता काशीत पंचवीस फूट सपाट मोकळी जागा मिळणं म्हणजे किती कठीण, ते इथे राहणाऱ्यालाच माहीत. त्या जागेत एक गाय बसलेली असायची. बत्तीगुरू तिला कधी उठवायचे नाहीत. गिऱ्हाइकाला सांगायचे, "तिचं रवंथ होऊ दे. तोवर चहा घे." मी त्या दिवशी तीन चहा घेतले.

गाडी घेऊन घरी आलो तो तरंगतच. रस्ता कसा स्वच्छ दिसत होता! दोन दिवसांनी हिय्या केला आणि विंध्याचलची फेरी घेतली. येताना दिवस मावळला. दिवे लावले, आणि बघतो तर काय, पुन्हा झाडं! कडुनिंबाचा शेंडा लख्ख, आणि खाली रस्त्यावर अंधार. समोरून येणारा एक रिक्षावाला हात उंचावून ओरडला. मी गाडी बाजूला घेतली ती घेतलीच. एका चहाच्या टपरीवर बसून राहिलो. यात्रेकरूंना दुसरी गाडी बोलावून पाठवून दिलं. त्यांतल्या एका आजोबांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बत्तीगुरूंच्या दुकानात जाऊन मी नको नको ते बोललो. वय बघितलं नाही, नातं बघितलं नाही. "तुमची रेघ, तुमची भिंत, सगळं थोतांड! आज गाडी विकतो!" असं रस्त्यावर ओरडलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, भिंतीसमोर गाडी उभी करायला लावली. उजेड रेघेच्या बरोबर चार बोटं खाली. ते भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मागे काय होतं?"

"काय म्हणजे? माणसं होती. सहा."

"आणि डिकीत?"

"गंगाजल." दशाश्वमेधावरून भरलेले पाच-पाच लिटरचे डबे. आमचा यात्रेकरू त्याशिवाय गाडीत पाय ठेवत नाही; भावकीत वाटायचं असतं, शेजारी द्यायचं असतं. "असतील वीसेक डबे."

बत्तीगुरूंनी कपाळावर हात मारून घेतला. "चूक माझी आहे, बेटा. मी खाली, रिकामी गाडी तपासली. ती खाली कधी जाते? उद्या ज्यांना नेणार आहेस, त्यांना आज संध्याकाळी इथे घेऊन ये. डब्यांसकट."

मी इतकं बोललो होतो, आणि हा माणूस चूक माझी म्हणतो! मला रडूच यायला लागलं.

संध्याकाळी साताऱ्याकडच्या भजनी मंडळातल्या सहा बायका घेऊन गेलो. सगळ्या गाडीत, डबे डिकीत, आणि गाडी भिंतीकडे तोंड करून उभी. दिवे लावले. उजेडाची कड रेघेच्या हातभर वर चढलेली! बत्तीगुरूंनी दोन डबे उतरवले, कड जराशी खाली आली. पुन्हा चढवले, पुन्हा वर. मागचं अंग दबतं आणि गाडी नाक वर करते, एवढी साधी गोष्ट. वीस वर्षं गाडी चालवून माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. मागच्या सीटवरच्या आजींचा धीर सुटला. "अवो, ही गाडी निघायची हाय का न्हाई? का ह्या भिंतीचंच दर्शन घ्यायचं?"

"माताजी, या भिंतीचंच," बत्तीगुरू हात जोडून म्हणाले. "हिच्या कृपेने उद्या परत याल."

मग खिडकीतून आत वाकून त्यांनी स्टिअरिंगशेजारच्या एका छोट्या चकतीवर बोट ठेवलं. तिच्यावर शून्यापासून तीनपर्यंत आकडे. "ही फिरवतोस ना?"

"ती मीटरच्या लाइटची आहे ना?" मी म्हणालो.

 त्यांनी चकती शून्यावरून एकवर नेली. भिंतीवरचा उजेड खाली सरकला. दोनवर नेली, बरोबर रेघेच्या चार बोटं खाली येऊन थांबला. गाडीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आजींनी पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि दोनच्या आकड्यावर एक लाल टिकली चिकटवून दिली. "आता इसरू नगंस बाबा," म्हणाल्या.

त्या बायकांना मी नेलं, पण पहाटे निघून उजेडातच परत आणलं. दिवे सुधारले होते, माझे हात नाही. बत्तीगुरूंना ते न सांगता कळलं. त्यांचं शनिवारी निघायचं ठरलं होतं. जबलपूरला, लेकीकडे, कायमचं. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. सत्तरीचा माणूस काशी सोडून निघालाय म्हटल्यावर गल्लीत हाहाकार! लोक मरायला इथे येतात आणि हा उलटा निघाला. ते हसून सांगायचे, "मरायचं असतं तर इथेच थांबलो असतो की. मला नातीला सायकल शिकवायचीय."

मला म्हणाले, "माझी ट्रेन प्रयागहून रात्री आठला आहे. तू सोड. पाचला निघू. आणि त्याच आतल्या रस्त्याने."

मी नाही म्हणू शकलो नाही. बिछान्याची वळकटी, दोन ट्रंका, हत्यारांची पेटी, आणि व्याह्यांसाठी गंगाजल. तेही पाच-दहा नव्हे, सोळा डबे! ते पुढे माझ्या शेजारी बसले. किल्ली लावताना हात कापतच होते. त्यांनी तिकडे बघितलंच नाही. नुसतं म्हणाले, "टिकली." मी चकती दोनवर नेली.

धुकं तसंच होतं. रस्ता मात्र दिसत होता. खड्डा दिसत होता, कडेची पांढरी पट्टी दिसत होती. बत्तीगुरू पुढे वाकून काचेला नाक लावून बघत होते. "अरे," ते म्हणाले, "मी चोपन्न वर्षं बत्ती नेहमी समोरून बघितली. तिच्या मागे बसून कधी बघितलीच नाही. सुंदर दिसतं रे!"

आणि बरोबर त्याच पट्ट्यात समोरून सायकल आली. दोन्ही बाजूंना कॅन. तोच होता की दुसरा, देव जाणे. माझा पाय ब्रेकवर गेला. बत्तीगुरूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "हळू चालव. थांबू नकोस. त्याच्या हातांकडे बघ."

मी बघितलं. सायकल उजेडात आली. त्या माणसाच्या चपला दिसल्या, पेडल दिसलं, कॅनवर जमलेलं दव दिसलं. तो काहीतरी गुणगुणत आमच्या शेजारून निघून गेला. त्याचे दोन्ही हात हँडलवर होते.

"पास," बत्तीगुरू म्हणाले आणि मागे टेकून बसले. मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. 

स्टेशनवर सामान चढवलं, डबे मोजून सीटखाली लावले. मी वाकून नमस्कार केला. त्या दिवशी रस्त्यावर जे बोललो होतो त्याची माफी मागायची होती, पण त्यांनी त्याआधीच मला उभं केलं. तेच म्हणाले, "घरी पोचलास की फोन कर." गाडी सुटली. खिडकीतून त्यांचा हात बराच वेळ दिसत होता.

बाहेर येऊन मी गाडीत बसलो. सव्वाआठ झाले होते, धुकं आणखी दाट झालं होतं, आणि पुढे सगळा रस्ता मला एकट्याला कापायचा होता. किल्ली एका झटक्यात लागली. दिवे लावले तसा उजेड पायाशी, गाडीच्या नाकासमोरच पडला. मला आधी कळेना, काय बिघडलं. मग लक्षात आलं, शेजारची सीट रिकामी होती आणि डिकीही. मी चकती टिकलीवरून शून्यावर आणली, आणि निघालो.