बोट ठेव

गावंडे मॅडम आमचं लिखाण बोटानं तपासायच्या. कारंज्यात त्यांच्या घराच्या माडीवर इंग्रजीचा वर्ग चाले. परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे, आणि तिच्यात एखादा आलेख किंवा तक्ता देऊन त्याचं वर्णन लिहायला सांगत. आमचं एकेक वाक्य मॅडम मोठ्यानं वाचत आणि आलेख पुढं सरकवत. "बोट ठेव. कुठं दिसून राह्यलं हे?" बोट ठेवायला जागा सापडली नाही, की वाक्यावर काट.

माझी निम्मी वाक्यं अशीच जायची. मी आसेगावची, घरचा भाजीचा मळा. आलेखात टमाट्याची रेघ खाली गेलेली दिसली, की माझा हात थांबत नसे. अवकाळी आला असेल, माल एकदम निघाला असेल, व्यापाऱ्यांनी भाव पाडला असेल, सगळं लिहून मोकळी! पहिल्या परीक्षेत मी यापायीच आपटले. तिकडच्या हॉस्पिटलनं माझी जागा आणखी एकाच परीक्षेपुरती धरून ठेवली होती. मी रडत माडी चढले, तर मॅडमनी आधी चहा पाजला आणि मग झापलं.

"तुले काय झालं ते इचारलं, तू काहून झालं ते सांगून राह्यली. हुशार आहेस, मंग आवर ना ते हुशारी थोडी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला बाजारात भाजीच्या हर्रासीला, म्हणजे लिलावाला, घेऊन गेल्या. त्या आठवड्यात टमाट्याचा भाव उतरला होता, आणि नेमके माझे बाबाच तिथं कॅरेट लावून उभे. मॅडमनी त्यांना रोजचे भाव विचारले, खडूनं ओट्यावर रेघ ओढली आणि मला म्हणाल्या, "सांग इंग्रजीत." मी सुरुवात केली ती थेट ढगांपासून.

"बोट ठेव."

"मॅडम, बाबाचा माल आहे हो!"

"म्हनून रेघ वर जाईन काय?"

मी बोट ठेवलं. आधी जरासा चढ, मग सपाट, मग एकदम उतार. वाक्यं नीट आली. बाबांना त्यातला शब्दही कळला नाही. माझं बोट रेघेवरून उतरताना पाहून ते एवढंच म्हणाले, "बराबर हाये." मॅडमनी माझ्या पाठीत धपाटा घातला. परीक्षेच्या खोलीत मला तोच आठवत होता, आणि मी पास झाले.

आज इथल्या वॉर्डात कोणी माझ्या नोंदींचं कौतुक केलं, की मी ताठ मानेनं सांगते, मी गावंडे मॅडमची विद्यार्थिनी. पण त्यांचा नियम त्यांनीच मोडलेला मी पाहिला आहे. निघायच्या दिवशी त्या एसटी स्टँडवर आल्या होत्या. कंडक्टरनं माझी बॅग पाहून सहज विचारलं, "कुठं चालली पोरगी?"

"इंग्लंडले. नर्स म्हनून." एवढ्यावर थांबायचं होतं. पण मॅडम कसल्या थांबतात! "काहून का, मायबाप मळ्यात राबले, हे एकदा पडली तं पुन्हा उभी राह्यली, अन् जिद्द तं अशी..." अर्धी बस ऐकत होती.

मी म्हटलं, "मॅडम, बोट ठेवा. कुठं दिसून राह्यलं हे?"

त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि माझ्या कपाळावर बोट ठेवलं.

"हे इथं."