शेवटची जांभळी रेघ

काल आमच्या फिजिक्स लॅबच्या डार्करूममध्ये कोण आलं माहितीये? आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकलेली पहिली मुलगी! म्हणजे आता पांढऱ्या केसांच्या, प्रकाशाची गणितं मांडून मोठ्या झालेल्या मॅडम.

"दार लावून घेतेस ना गं?"

"हो. का?"

"आम्हाला उघडं ठेवायला लावायचे. आत मुलांबरोबर एकटी मुलगी ना! पहिल्या नोकरीतही तेच. दारातून येणाऱ्या उजेडात वर्णपटातली ती शेवटची जांभळी रेघ दिसायचीच नाही. मग प्रयोग सोडले, गणितासाठी धरला कागद."

एका दारानं आख्खं आयुष्य वळवलं! मी प्रयोगाचा पाऱ्याचा दिवा लावला, दार लावलं. मॅडम स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावून कितीतरी वेळ वाकलेल्या.

"दिसली?"

"नाही गं. आता डोळेच थकले. तू सांग, कशी आहे?"

मी वाकले.

"फार फिकट आहे, मॅडम. पण आहे."