कुरडयांमधली वाट

इंजिनिअरिंगला असताना आम्ही पोरापोरींनी मिळून एक उपग्रह बनवला होता. चपलेच्या खोक्याएवढा. अगदी वर, जिथं हवा नावापुरतीच उरते, तिथली माहिती तो पाठवायचा. त्याची जोडणी करण्यातच आमची कॉलेजची वर्षं सरली. भांडणं, चहा, हरवलेले स्क्रू, सगळं त्या एका खोलीत. ती खोली आठवली की अजून जीव हळवा होतो.

मग तो खाली येऊ लागला. ज्या विरळ हवेचा अभ्यास करायला सोडला, तीच त्याला ओढत होती. या शेवटच्या दिवसांतली माहिती सगळ्यांत मोलाची, आणि नेमका तेव्हाच कॉलेजचा अँटेना वादळात मोडला. मी सुट्टीत बुऱ्हाणपूरला, घरी. पाइपला मिस्त्री लोकांच्या मोजायच्या लोखंडी टेपचे तुकडे बांधून केलेला एक हातात धरायचा अँटेना माझ्याकडे होता. सगळी भिस्त माझ्यावर.

आणि शनवारा मोहल्ल्यातल्या आमच्या गच्चीभर आईच्या ओल्या कुरडया.

"पाय ठेवला तर टांग तोडीन," आई म्हणाली. "तीन दिवस गहू भिजवला, मालूम आहे ना?"

मीही तिचीच मुलगी. कडाकडा भांडले. "आज ऐकलं नाही तर संपलं गं सगळं!"

शेवटी तिनं चिकाचे हात पदराला पुसले. "दे इकडं. तू तुझं कम्प्युटर बघ. मी धरते."

असीरगडाच्या बाजूनं उपग्रह वर आला. टीं, टीं, टीं.

"बोलून राह्यला काय?" आई हरखून म्हणाली.

मी सांगत गेले तशी ती अँटेना घेऊन तापीकडे वळत, सरकत गेली, डोळे आभाळात. वळता वळता तिनं स्वतःच्याच कुरडया तुडवल्या. एक ओळ, मग दुसरी. मला दिसत होतं, पण मी तिला थांबवलं नाही. आवाज बारीक होत विरला तेव्हा माहिती पूर्ण उतरली होती.

तिनं खाली पाहिलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली. "त्याचं ऐकून झालं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीचा फोन आला. उपग्रह पुन्हा कुणालाच ऐकू आला नव्हता. जळून गेला होता. मला रडू आवरेना. आईला सांगितलं, तर ती नुसतं "अगं बाई" म्हणाली आणि उरलेला चीक नि सोऱ्या घेऊन वर गेली.

दुपारी मी गच्चीवर गेले. नव्या कुरडयांच्या मधोमध, असीरगडाकडून तापीकडे, काल ती सरकत गेली तिथंच, एक माणूस चालेल एवढी जागा तिनं मोकळी सोडली होती.