कागदावरची बहीण

ती कवळ्या करायची. दवाखान्यांतून तोंडाचे साचे यायचे, त्यांत प्लॅस्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग घासून चकचकीत करायचं. कारखान्यात सगळे तिला ‘दातवाली’ म्हणत. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "हिने केलेले खोटे दात खऱ्यांना लाजवतील." ती मान खाली घालून हसायची.

परदेशात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. दोन खोल्यांचं घर, कारखाना, आणि रविवारी घरी फोन. फोनवर आधी आई बोलायची, मग धाकटी बहीण तो हिसकावून घ्यायची. "ताई, तू काय जेवलीस? खरं सांग हं!"

पण ती बहीण नव्हती. तिच्या पोटची मुलगी होती.

लग्नाच्या आणाभाका घेणारा तिला दिवस गेल्याचं कळताच जो पसार झाला, तो परत तोंड दाखवायला आला नाही. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. वडिलांनी बोलणं टाकलं. आईने मात्र पदर खोचला, बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवलं आणि जन्मलेलं बाळ आपल्या नावावर लावून घेतलं. वडील काही वर्षांत गेले. पुढे परदेशचा अर्ज भरताना ‘मुले’ या रकान्यापाशी तिचा हात अडला. अर्ज भरून देणारा एजंट म्हणाला, "कागदावर नाही ते पोर नाहीच, बाई. पुढे चला." तिने ‘नाही’ लिहिलं.

मग एके दिवशी आई बसल्या जागी गेली.

दिवसकार्य उरकल्यावर आईजवळ राहणारा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मी ट्रक घेऊन महिन्यातला अर्धा वेळ रस्त्यावर. पंधरा वर्षांची पोर एकटी कशी ठेवू? तू घेऊन जा तिला." भावाला सगळं ठाऊक होतं.

आईवडील नसलेल्या लहान भावंडाला नेता येतं, असा नियम होता. तिने धाकट्या बहिणीसाठी अर्ज केला. थोड्याच दिवसांत उत्तर आलं: नात्याची खात्री पटवण्यासाठी दोघींच्या रक्ताची तपासणी होईल. ते पत्र घेऊन ती तशीच एका वकीलबाईंकडे गेली.

"तपासणीत काय निघेल?" वकीलबाईंनी विचारलं.

"मी तिची आई आहे, हे."

वकीलबाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "नीट ऐका. ती बहीण नाही, म्हणून बहीण म्हणून येणार नाही. तुम्ही येताना मुलगी दाखवली नाही, म्हणून आता मुलगी म्हणूनही येणार नाही. ज्याला तेव्हा लपवलं, त्याला नंतर कुटुंबातलं धरत नाहीत. आणि तेव्हा खोटं लिहिलं म्हणून तुमचा इथे राहण्याचा परवानाही जाऊ शकतो."

"अर्ज मागे घेतला तर?"

"तर कदाचित कुणी काही विचारणार नाही. तुम्ही इथे, ती तिथे."

दोन दिवस ती कामावर गेली खरी, पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. एका कवळीत उजव्या दाढा डावीकडे बसवल्या. मालकाने ती तिच्यासमोर धरली आणि परत ठेवली. त्या संध्याकाळी तिने ठरवलं, खरं सांगायचं. पण सरकारी कचेरीच्या आधी पोरीला.

भाऊ मुद्दाम घरी थांबला होता. तिने फोनवर आडपडदा न ठेवता सांगितलं.

"मग आई कोण होती?"

"तुझी आजी."

"म्हणजे मी इतके दिवस आजीसाठी रडतेय? आणि आई तिकडे बसून मला काय जेवली ते सांगतेय?"

"बाळा..."

"बाळा म्हणू नकोस मला."

फोन बंद झाला. त्यानंतर पोरीने तिचा एकही फोन उचलला नाही.

मग तिने वकीलबाईंमार्फत खरं काय ते कचेरीला लिहून कळवलं, आणि कचेरीने तिला बोलावून घेतलं. मुलाखतीच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि खिडकीला न उघडणारी काच होती. अधिकारी आवाज न चढवता विचारत होता, त्यामुळे तिला जास्तच भीती वाटत होती.

"मुलांबद्दलचा प्रश्न तेव्हा तुम्हाला समजला नव्हता का?"

वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सुटायला एवढी फट पुरेशी होती. एजंटवर ढकलून मोकळं होता आलं असतं.

"समजला होता," ती म्हणाली. "मी जाणूनबुजून ‘नाही’ असं लिहिलं. खरं लिहिलं तर घरची लाज चव्हाट्यावर येईल आणि माझं येणंही फिसकटेल, असं वाटलं."

"परवाना जाऊ शकतो, हे माहीत असून आलात?"

"हो. इथे राहायला मिळावं म्हणून मी तिला एकदा नाही म्हटलंय. परत नाही म्हणणार."

तो लिहीत राहिला.

निकालाची वाट बघताना ती दिवसातून दोनदा पत्रपेटी उघडायची. शेवटी निकाल आला. आपणहून खरं सांगितलं म्हणून तिचा परवाना राहिला. मुलीला मात्र नकार. नियम बाजूला ठेवून मुलीला येऊ द्यावं, असा दयेचा अर्ज वकीलबाईंनी लगेच टाकला आणि म्हणाल्या, "आशा ठेवा, पण भरवसा नको."

ती बिनपगारी रजा घेऊन पोरीकडे गेली. पोरीने दार उघडलं, तिच्या हातातली बॅग घेतली, "दादा कामावर गेलाय," म्हणाली आणि आत निघून गेली. कितीतरी दिवस दोघी एकाच घरात कामापुरतं बोलत राहिल्या. मग एकदा कपडे वाळत घालताना पोरीने तिच्याकडे न बघता विचारलं, "तो माणूस कसा होता?" तिने होतं तसं सगळं सांगितलं. पोरीने ऐकून घेतलं आणि उरलेले कपडे दोघींनी मिळून वाळत घातले.

दयेच्या अर्जासाठी पोरीचीही मुलाखत झाली. कुणाकडे राहायचंय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "हिच्याकडे. माझ्यापायी हिने तिथलं सगळं पणाला लावलं. पण माझा राग गेलेला नाही, तेही लिहा."

रजा संपल्यावर आई कामावर परतली; परवानगी यायला आणखी एक वर्ष गेलं. पोर आली तेव्हा आईपेक्षा उंच झाली होती. पहिल्याच आठवड्यात आतली खोली कुणाची यावरून दोघींचं असं कडाक्याचं भांडण झालं की शेजारीण दार वाजवून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी, घुश्शातच, शाळेत नाव घालायला निघाल्या.