मांडीवर थाप मारणारे गृहस्थ

कंबरेच्या व्यायामासाठी मी मुलुंडच्या एका दवाखान्यात जायचे. तिथल्या टीव्हीवर दुपारी अणुवीज प्रकल्पावरची मालिका लागायची. त्यात इंजिनिअर मुलगा गावात प्रकल्प आणू बघतो आणि आई जमीन सोडत नाही. समोर रोज एक गृहस्थ असायचे. आई रडायला लागली की ते चष्मा पुसत बसायचे, पण मुलगा बोलला की मांडीवर थाप मारायचे. "वीज नको, मग एसी कशाला हवा? काय आजी?" असं मलाच विचारायचे.

हा नक्की कंपनीचा माणूस, मला वाटलं. आमच्याही कोकणातल्या गावात असाच प्रकल्प येऊ घातलाय आणि जमीन द्यायला दीर माझ्या सहीसाठी थांबलेत. विशीतली मी असते तर लगेच मान डोलावली असती. कडक इस्त्रीचा शर्ट बघून तर मी लग्नाला हो म्हटलं होतं; इस्त्री सासूबाईंची, हे नंतर कळलं.

"तुमचं गाव कुठलं हो?" मी त्यांना विचारलं.

"कोकणातलंच."

"मग तिथेच होऊ द्या की प्रकल्प."

थाप मारायला उचललेला हात तसाच राहिला. "आमच्याकडे कसा होईल? गुरवाने कौल लावला तरी आमचा देव हो म्हणणार नाही."

"आणि आमचा देव काय कंपनीत नोकरीला आहे?"

ते चष्मा पुसायला लागले. मी तिथूनच दिरांना फोन लावला. "भाऊजी, सही विसरा."